सासूबाईंच्या नावावरची गाडी

अर्ज मी भरला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आता हा विषय निघाला की रूडी सरकारला दोष देतो, मग आईला देतो, आणि माझं नाव कुणीच घेत नाही. पण क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर बसून एकेक रकाना मी भरला, आणि "गाडी मुख्यतः कोण वापरणार?" या प्रश्नापुढे "अर्जदार स्वतः" हे शब्दही मीच टाइप केले.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. रूडी, म्हणजे माझा नवरा, प्वेब्लोहून कोलोरॅडो स्प्रिंग्जला नोकरीला जातो. जाऊन येऊन नव्वद मैल. त्याचा पिकअप ट्रक पेट्रोल नुसता पितो. विजेची गाडी घ्यायचं आमच्या डोक्यात दोन वर्षं होतं, पण आज घेऊ, उद्या घेऊ असं चाललेलं. मग जाहीर झालं की केंद्र सरकारची सवलत तीस सप्टेंबरला कायमची बंद होणार. वापरलेल्या विजेच्या गाडीवर केंद्राचे चार हजार डॉलर मिळत होते. त्यावर आपलं राज्य आणखी चार हजार देत होतं, पण जुनी, चालू स्थितीतली पेट्रोलची गाडी कायमची मोडीत द्यायची, आणि उत्पन्न कमी असायला हवं.

आमचं उत्पन्न कमी नव्हतं. रूडीचा पगार आणि दाताच्या डॉक्टरांकडे फ्रंट डेस्कवर बसून मला मिळणारा पगार मिळून केंद्राची मर्यादा आम्ही पाच-सहा हजारांनी ओलांडत होतो. राज्याच्या मर्यादेच्या तर आम्ही आसपासही नव्हतो.

"आई बसते ना त्यात," रूडी एका संध्याकाळी म्हणाला.

माझ्या सासूबाई, फिलोमेना मोंटोया. वय एकोणसत्तर. सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आता त्या बेसेमर भागातल्या त्यांच्या घरात एकट्या राहतात, पेन्शनवर. त्यांच्याकडे दोन हजार चारची ब्युइक होती. आत सीटचं कापड फाटलेलं, पण इंजिन ठणठणीत. ती गाडी त्या रोज चालवायच्या, आणि आठवड्यातून तीन दिवस तर चालवावीच लागायची. समोरच्या घरातल्या ओफेलियाबाईंच्या किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस. चार वर्षं सासूबाई त्यांना सकाळी सहाला सोडत होत्या आणि साडेदहाला आणत होत्या.

रविवारी जेवताना रूडीनं विषय काढला. हिरव्या मिरचीचा रस्सा, तोर्तियाच्या पोळ्या, घेवडे, नेहमीचंच जेवण.

"आई, तुला नवी गाडी मिळाली तर?"

"माझी चालतेय की."

"किती दिवस चालेल? सरकार आठ हजार देतंय. गाडी तुझ्या नावावर. वरचे अकरा हजार मी घालतो. तुला एक पैसा नाही."

सासूबाईंनी तोर्तियाचा तुकडा मोडला आणि त्याच्याकडे बघितलं. "आणि चालवणार कोण?"

"आपण दोघं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी घरूनच काम करतो ना? ते तीन दिवस गाडी तुझी. ओफेलियामावशीला तूच नेशील. मंगळवार, गुरुवार मी स्प्रिंग्जला नेतो."

"आणि माझी ब्युइक?"

"ती द्यावी लागेल. अटच आहे तशी."

सासूबाई ताटं गोळा करून उठल्या. भांडी घासताना मला म्हणाल्या, "पोरी, तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "आई, आठ हजार कोण सोडतं?"

हेही मी सांगून टाकते.

राज्याच्या मंजुरीपत्राचे अर्ज महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला सुरू व्हायचे, आणि त्या महिन्याची मंजुरीपत्रं काही मिनिटांत संपायची. त्या दिवशी माझ्यासमोर गाल सुजलेला एक माणूस उभा होता. "दोन मिनिटं हं," असं त्याला म्हणत मी सासूबाईंची जन्मतारीख, पेन्शनचा आकडा, ब्युइकचा नंबर भराभर टाकत होते. स्क्रीन दोनदा अडकली. मुख्य वापर कोणाचा, या रकान्याशी मी थांबले, पण क्षणभरच. थांबायला वेळच नव्हता, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. नऊ वाजून सहा मिनिटांनी मंजुरी आली. त्या माणसाला मी इतकं हसून आत पाठवलं की तो बिचारा गोंधळला.

सत्तावीस सप्टेंबरला आम्ही शोरूमला गेलो. सवलत संपायला तीन दिवस राहिलेले, त्यामुळे आत बसायला खुर्ची नव्हती. ब्युइक स्वतःच्या इंजिनावर तिथपर्यंत पोचायला हवी होती, टो करून आणलेली चालत नव्हती. सासूबाई पुढे, आम्ही पिकअपमधून मागे. नॉर्दर्न अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलला ब्युइक बंद पडली. एकवीस वर्षांत कधी न रुसलेली गाडी नेमकी तिथे बंद पडली.

"संपलं," रूडी स्टीअरिंगवर हात आपटत म्हणाला. "आठ हजार गेले."

मागून भोंगे सुरू झाले. सासूबाई शांतपणे खाली उतरल्या, बॉनेट उघडून काहीतरी दाबलं, परत आत बसल्या. गाडी सुरू झाली. त्यांनी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही.

शोरूममध्ये त्यांनी नऊ ठिकाणी सह्या केल्या. किल्ली टेबलावर ठेवताना किल्लीवरचा हात त्यांनी जरा जास्त वेळ तसाच ठेवला, मग उचलला. नवी गाडी राखाडी होती, तीन वर्षं वापरलेली, आतून नव्यासारखी. घरी ती रूडीनं आणली. "आज मी चालवतो आई, तू सवयीनं शिकशील. ही स्क्रीन म्हणजे जरा डोकेदुखीच आहे."

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या.

ऑक्टोबरात सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी खरंच होती. पण असायची आमच्या दारात, कारण चार्जर आमच्या भिंतीला बसवलेला. पहाटे रूडी उठायचा, आईला आणि ओफेलियाबाईंना घेऊन सोडायचा आणि घरी येऊन काम करायचा. आईनं दोनदा किल्ली मागितली. "तू कशाला, मी आहे ना," असं तो म्हणाला. आणि तो खरंच होता. त्याला वाईट कसं म्हणू? पहाटे साडेपाचला उठणारा मुलगा होता तो.

नोव्हेंबरात त्याच्या कंपनीनं फर्मान काढलं, घरून काम बंद, पाचही दिवस ऑफिसला यायचं. त्या दिवसापासून राखाडी गाडी पहाटे सहाला उत्तरेकडे जायची आणि संध्याकाळी सहाला परत यायची.

"काउंटीची व्हॅन आहे ना," रूडी म्हणाला. "फुकट आहे. दारातून नेते, दारात सोडते."

"हो, आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. पण एकदा दुपारी क्लिनिकला जाताना मी त्यांना बसस्टॉपवर पाहिलं. दोन्ही हातांत किराणाच्या पिशव्या. मी माझी गाडी थांबवली. त्या आत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "या मार्गावरचा बसवाला ब्रेक फार जोरात मारतो. पोरं असती तर पडली असती." बस्स, एवढंच.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. शुक्रवार होता. व्हॅन आली नाही. ओफेलियाबाई साडेपाचपासून कोट घालून खिडकीशी बसून होत्या, सासूबाई त्यांच्या शेजारी. फोन केला तर तिकडून उत्तर एकच, गाड्या उशिरा धावताहेत. सासूबाईंनी रूडीला फोन केला, तो तोवर स्प्रिंग्जच्या वाटेवर होता. मला केला, मी अंघोळीत होते, आणि फोन पाहिला तोवर त्यांची वेळ टळली होती. पुढची वेळ सोमवारी मिळाली. रविवारी ओफेलियाबाईंना श्वास घेता येईना. अ‍ॅम्ब्युलन्स आली. तीन दिवस हॉस्पिटलात राहिल्या, आणि परत आल्या त्या निम्म्या होऊन.

मी बघायला गेले तेव्हा सासूबाई त्यांचे पाय दाबत होत्या. ओफेलियाबाई हसून म्हणाल्या, "फिलो सत्तावीस वर्षं बर्फात बस चालवत होती, आणि मला न्यायला तिच्याकडे गाडी नाही. मजाच आहे." सासूबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

आणि त्यानंतर दहा दिवसांनी पत्र आलं. राज्याच्या कार्यालयातून, फिलोमेना मोंटोया यांच्या नावे. योजनेतल्या काही गाड्यांची प्रत्यक्ष पाहणी करतो, तुमची निवड झाली आहे, मंगळवारी सकाळी दहाला आमच्या निरीक्षक येतील, गाडी आणि अर्जदार दोघंही पत्त्यावर हजर असावेत.

रूडीनं पत्र तीनदा वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"घाबरायचं काही नाही," तो म्हणाला. "गाडी आईच्या दारात उभी असेल. आई म्हणेल मी चालवते. पाच मिनिटांचं काम."

"आणि किती मैल झालेत ते विचारलं तर?" मी म्हणाले.

त्यानं पत्राची घडी घातली. चार महिन्यांत गाडी सात हजार मैल फिरली होती.

सोमवारी संध्याकाळी त्यानं गाडी आईच्या दारात आणून लावली. सीट पुढे ओढली. आरशाला आईचीच एक जपमाळ अडकवली. डिक्कीत तिची छत्री टाकली. मग स्वयंपाकघरात बसून आईला शिकवू लागला.

"विचारलं इतके मैल कसे, तर सांग सांता फेला बहिणीकडे जाते. विचारलं चार्ज कुठे करता, तर मुलाकडे."

"माझी बहीण सांता फेला राहत नाही."

"त्यांना काय कळतंय?"

"मला कळतं ना."

"आई, ही चोरी नाहीये. सरकार आठ हजार तुलाच देत होतं ना? गाडी तुझ्याच नावावर आहे ना?"

सासूबाई मिरच्या सोलत होत्या. फ्रीझरमधल्या, सप्टेंबरात भाजून ठेवलेल्या. साल काढून एकेक वाडग्यात टाकत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "नावावर आहे."

मंगळवारी पहाटे कडाक्याची थंडी. सहा वाजता रूडीचा फोन वाजला. रजा घेतली होती, पण ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं आणि त्याची चावी त्याच्याकडेच. पिकअपची बॅटरी थंडीनं झोपलेली. माझी गाडी सर्व्हिसला. तो शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीनं तडक आईच्या घरी गेला आणि राखाडी गाडी घेऊन निघाला. "साडेनऊच्या आत परत येतो," मला म्हणाला. "तू आईकडे जाऊन बस. तिला एकटीला सोडू नको."

मीही शेजाऱ्याच्याच गाडीनं साडेआठला पोचले. सासूबाईंनी ब्लाउज इस्त्री केला होता, केस नीट बांधले होते. टेबलावर कॉफी आणि बिस्कोचितोची बिस्किटं. दारासमोर रिकामी जागा, बर्फात चाकांच्या दोन रेघा.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. "फाउंटन गावापाशी ट्रक उलटलाय. सगळं थांबलंय."

नऊ पंचवीसला, "हललो नाही अजून."

मी खिडकीशी उभी. सासूबाई खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, चर्चमध्ये बसतात तशा.

नऊ चाळीसला एक पांढरी गाडी येऊन थांबली. दहाला येणारी बाई वीस मिनिटं आधीच आली होती. पन्नाशीची, जाड बूट, गळ्यात ओळखपत्र, कोरीन हॅडिक्स. चेहरा त्रासिक नव्हता, उलट थंडीनं नाक लाल झालेलं आणि कॉफी बघून खूश झाली.

"रस्ता रिकामा मिळाला, म्हणून लवकर पोचले," ती म्हणाली. "चालेल ना? गाडी दिसत नाही बाहेर."

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "चार्ज करायला गेलीय. माझा नवरा घेऊन गेलाय. येईलच इतक्यात."

"बरं, बरं. थांबते मी." तिनं फाइल उघडली, पेन काढलं, पण लिहायला सुरुवात केली नाही. भिंतीवरच्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. पिवळ्या बसपुढे उभ्या सासूबाई, आजूबाजूला पन्नासेक पोरं.

"तुम्ही बस चालवायचात?"

"सत्तावीस वर्षं."

"अपघात?"

"एकही नाही. एकदा एका हरणानं येऊन धडक दिली, पण ती त्याची चूक होती."

हॅडिक्सबाई हसली. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. फोन हातात थरथरला. "निघालो. वीस मिनिटं."

"माझी आई अशीच," हॅडिक्सबाई कॉफीचा घोट घेत म्हणाली. "शेतावर ट्रॅक्टर चालवायची, पण विजेची गाडी हातात दिली तर घाबरली. आवाजच येत नाही म्हणते. तुम्हाला झाली का सवय?"

प्रश्न साधा होता. तिला काही पकडायचं नव्हतं. ती फक्त कॉफी पीत बोलत होती. "हो" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा असं सरळ बघितलं.

"मी ती गाडी एकदाही चालवलेली नाही," त्या म्हणाल्या.

हॅडिक्सबाईनं कप खाली ठेवला, अगदी हळू.

"एकदाही नाही?"

"नाही. मुलगा चालवतो, रोज, स्प्रिंग्जला. आत्ताही तिथूनच येतोय. चार्ज करायला गेलेला नाही. माझी ब्युइक तुम्ही मोडीत घेतलीत. ती मी चालवायचे."

"आई," मी म्हणाले.

हॅडिक्सबाईनं फाइलमधला कागद काढून टेबलावर ठेवला. माझा अर्ज. सगळे रकाने व्यवस्थित भरलेले. "खाली सही तुमची आहे," ती सासूबाईंना म्हणाली. तिचा आवाज आता तसा राहिला नव्हता. "मी स्वतः वापरणार असं लिहिलंय. हे तुम्ही भरलंत?"

सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा लावला. त्या वाचत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की त्या हा अर्ज पहिल्यांदाच वाचताहेत. शोरूममध्ये मी फक्त सहीच्या जागा दाखवल्या होत्या.

"मी भरला," मी म्हणाले. "मीच लिहिलंय ते. त्यांनी वाचलासुद्धा नव्हता. मी मघाशी चार्जचं बोलले तेही खोटं होतं."

मी अर्ज तिच्याकडे परत सरकवला.

तेवढ्यात दाराशी गाडी आली. विजेच्या गाडीचा आवाज येत नाही, बर्फावर चाकं करकरली तेवढंच. दार उघडून रूडी आत आला. गाल लाल, हातात किल्ली, तोंडभर हसू. वाटेत त्यानं सगळं ठरवून ठेवलं असणार.

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला. "आई, ही घे तुझी गाडी, धुऊन आणली. किती चिखल करून ठेवतेस तू."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग टेबलावरच्या कागदाकडे. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही लगेच, तसंच अडकून राहिलं. ते मला अजून दिसतं.

"बसा, मिस्टर मोंटोया," हॅडिक्सबाई म्हणाली.

तिनं आरडाओरडा केला नाही, धमकीही दिली नाही. जे ऐकलं ते तीन ओळींत लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं, सासूबाईंची सही घेतली. या वेळी त्यांनी शब्दन्‌ शब्द वाचला. केंद्राच्या पैशांचं काय, असं रूडीनं विचारलं तर म्हणाली, "ते माझं काम नाही. मी राज्याची माणूस. तुम्ही कर सल्लागाराशी बोला." मग मीटरचा फोटो काढला आणि निघून गेली. जाताना बिस्कोचितोसाठी सासूबाईंचे आभार मानले.

रूडी ओट्याला टेकून उभा होता. "का?" त्यानं विचारलं. "फक्त का ते सांग, आई."

"तिनं विचारलं म्हणून."

"तुरुंगात टाकशील मला."

"तुला विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं."

तो दार आपटून गेला. गाडी घेऊनच गेला.

तीन आठवडे आम्ही जीव मुठीत धरून काढले. रूडी माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी कबूल केलं याचा त्याला आईपेक्षा जास्त राग होता. "ती म्हातारी आहे, तुला काय झालं होतं?" असं एकदाच म्हणाला. रोज दुपारी मी पत्रपेटी उघडून बघायचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. दोन मार्ग दिले होते. राज्याचे चार हजार साठ दिवसांत परत करा आणि प्रकरण मिटवा, किंवा गाडी अर्जदाराच्या पत्त्यावर, अर्जदाराच्या वापरात आणा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहणी होईल.

रूडीचा जीव भांड्यात पडला. त्याच शनिवारी चार हजारांचा चेक आणि मालकी बदलायचा कागद घेऊन तो आईकडे गेला. मी सोबत होते.

"हे राज्याचे पैसे," तो म्हणाला. "आणि केंद्राचं माझ्या कर सल्लागाराला विचारतो, लागले तर तेही भरतो. तू इथे सही कर. गाडी माझ्या नावावर झाली की विषय संपला."

सासूबाईंनी कागद वाचला. खालपर्यंत वाचून घडी घातली आणि त्याच्याकडे सरकवला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"दुसरा मार्ग आहे ना पत्रात. मला तो हवाय."

"आई, मी अकरा हजार घातलेत या गाडीत."

"आणि मी माझी गाडी घातली. माझं नाव घातलं. सरकारनं आठ हजार कशाचे दिले रूडी? माझ्या गरिबीचे दिले. तुझे पैसे आणि माझी गरिबी, दोन्ही मिळून ती गाडी आलीय. पाच महिने तू वापरलीस. आता मी वापरते."

"मग मी कामावर कसा जाऊ?"

"पिकअप आहे."

"पेट्रोलचा खर्च माहीत आहे?"

"माहीत आहे. मी अठरा वर्षं भरत होते, तुझ्या शाळेच्या फीसकट." त्यांचा आवाज चढला नव्हता. हातानं मात्र टेबलाची कड घट्ट धरलेली. "तुझे अकरा हजार मी बुडवणार नाही. महिन्याला दीडशे देईन."

"मी आईकडून हप्ते घेऊ?" रूडी उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, रागानं की कशानं कोण जाणे. "लोक काय म्हणतील?"

"ओफेलिया जवळजवळ गेली होती," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा लोक काय म्हणाले, ते ऐकलंस तू?"

तो माझ्याकडे वळला. "तू काहीतरी बोल."

सात वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी त्याची बाजू घेईन याची त्याला खात्री होती, आणि चार हजारांचा चेक आमच्या दोघांच्या खात्यातला होता.

"किल्ली दे त्यांना," मी म्हणाले.

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, फेकली नाही. मग पायी निघाला. चार मैल आहे आमचं घर. मी हाका मारल्या, तो थांबला नाही.

पुढच्या रविवारी बंद शाळेच्या पार्किंगमध्ये मी सासूबाईंना गाडी दाखवायला गेले. दाखवायचं काही नव्हतंच. पाच मिनिटांत त्यांनी स्क्रीन समजून घेतली, दहा मिनिटांत उलटी लावून दोन खांबांच्या मध्ये बसवली. चार्जिंगला त्यांच्या घरातला साधा प्लग पुरणार होता. "आवाज नाही हे बरंय," त्या म्हणाल्या. "पोरांचा आवाज ऐकू आला असता."

सोमवारी पहाटे त्यांनी ओफेलियाबाईंना नेलं. मला ते ओफेलियाबाईंच्या फोनवरून कळलं. त्यांना बोलताना अजून दम लागतो, पण त्या दहा मिनिटं बोलल्या.

रूडी चार रविवार आईकडे जेवायला गेला नाही. मी एकटी जायचे. सासूबाई त्याच्यासाठी डबा भरून द्यायच्या आणि तो डबा तो उभ्यानं, फ्रिजचं दार उघडं ठेवून खायचा. दीडशेचा पहिला चेक आला तो त्यानं वटवला नाही, फाडलाही नाही. ड्रॉवरमध्ये पडून आहे. आमच्यात सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी तो आता मला न विचारता ठरवतो, आणि काही मी त्याला.

पाचव्या रविवारी तो माझ्या गाडीत येऊन बसला. आईकडे जेवलाही. मिरचीचा रस्सा दोनदा घेतला. जेवण झाल्यावर बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. मी खिडकीतून पाहिलं, तो राखाडी गाडीभोवती फिरत होता, वाकून चाकं बघत होता.

आत येऊन हात पुसत म्हणाला, "मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या भरते."

"मी भरून आणतो आत्ता."

"बस खाली. कॉफी घे. मी भरते म्हटलं ना."

तो बसला.